सड्यावरचं सूप

कार्तिकातली सकाळ. दंव इतकं पडलेलं की केरू भुवडाचे पाय घोट्यापर्यंत भिजून गेले होते. ऊन सड्यावर आलं होतं, पण खाली धामणकोंडावर धुकं अजून बसून होतं आणि त्यातून वाडीतल्या चुलींचा धूर तेवढा वर येत होता. अशा वेळी गवत नरम असतं, विळ्याखाली मुकाट येतं. ऊन तापलं की तेच गवत बोटं कापतं. म्हणून केरू आणि त्याची बायको काशी उजाडताच वर चढले होते.

सडा म्हणजे मैलभर पसरलेला जांभा कातळ. वर कुठं चार बोटं माती, कुठं तीही नाही. पावसाळ्यात जे गवत येतं ते कार्तिकात कापायचं, भारे बांधायचे, खाली नेऊन उडवी रचायची. वर्षभर गुरांचं तोंड त्यावर चालतं.

काशी दोन ओळी पुढं गेली होती. तिनं वळून बघितलं.

“अवो, विळा धरलाय की आरतीचं ताट? सकालपासून चार मुठी झाल्या नायत तुमच्या.”

“धार गेलीय.”

“धार विळ्याची गेलीय की तुमची? मास्तर एस्टीतनं उतरून वर येतील, तरी तुमचा भारा व्हायचा नाय.”

केरूनं पुढची मूठ धरली. मास्तर येणार होते हे खरं. आणि ते आले की एक गोष्ट त्यांना सांगायची होती, हेही खरं. दोन वर्षं ती गोष्ट त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखी आडवी बसली होती. आज ती काढायची, नाहीतर गिळायची. तिसरी वाट नव्हती.

सड्याच्या दक्षिण टोकाकडं मात्र तो विळा घेऊन गेला नव्हता.

*

मास्तर पहिल्यांदा आले ते ब्याऐंशी साली, असंच गवत कापणीच्या दिवसांत. एक उंच, काळासावळा, चष्मेवाला माणूस कातळावर ओणवा होऊन हातानं जमीन चाचपत होता. केरूला वाटलं, याचं काहीतरी पडलंय.

“काय हरवलांत?”

“माझं नाही हरवलं,” तो माणूस मान वर न करता म्हणाला. “कुणीतरी कोण जाणे किती हजार वर्षांमागं इथं टाकून गेलंय, ते शोधतोय. कातळात कोरलेली चित्रं. पाहिलीस कधी?”

“चितरां? ती काय शोधायची? आमच्या पायाखालची ती.”

आणि केरूनं पायाच्या अंगठ्यानं गवत बाजूला सारून त्याला हत्ती दाखवला. खरोखरच्या हत्तीएवढा, कातळात बोटभर खोल कोरलेला. त्या माणसानं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मगच तो हत्तीच्या पाठीवर उतरला. केरूला ते आवडलं. त्या हत्तीवरनं वाडीतली गुरं रोज जात होती, आणि हा माणूस चपला काढत होता.

खंडू पावसे त्यांचं नाव. रत्नागिरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे केळशीचे, बाप होडीवर तांडेल. घरात बायको नाही, मूल नाही. रविवार उगवला की वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन सडे तुडवायचे.

त्या दिवसापासून केरूचेही रविवार त्यांचे झाले. पगार नाही, पावती नाही. मास्तर यायच्या आधी केरू चित्राभोवतालचं गवत छाटून ठेवायचा, हिराच्या झाडूनं खोबणीतली माती काढायचा आणि खालच्या विहिरीवरनं दोन कळशा पाणी वाहून आणायचा. पाणी भसकन ओतायचं नाही, हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. चित्राच्या डोक्याकडून हळूच सोडायचं. ते आपल्या वाटेनं खोबणीतून पायाकडं जातं. जिथं थांबलं तिथं रेघ तुटली समजायचं. भाताच्या खाचरात पाणी फिरवणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

“ही विद्या माझ्या एकाही पुस्तकात नाही बघ,” मास्तर म्हणाले होते. केरू त्या रात्री जेवताना दोनदा हसला होता. पन्नास वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. दोन मुलगे मुंबईला, ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे, आणि आले की तेच बापाला सगळं समजावून सांगायचे.

काशीला या सगळ्याची मौज वाटायची. “गावात लोकं पोरांना न्हाऊ घालतात, आमचा घोव दगडांना घालतो,” असं ती पाणवठ्यावर सांगायची. पण रविवारी कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी मास्तरांसाठी ठरलेली असायची. मास्तर केळशीहून आलेले सोडे, सुके बांगडे घेऊन यायचे.

“मास्तर, तुमी सोडे आणताव म्हणून पिठी वाढतंय हां. चितरांसाठी नव्हे.”

“वहिनी, तुमच्या पिठीसाठीच तर चित्रं शोधतोय. नाहीतर या उन्हात कोण मरायला येतंय?”

एकदा मास्तरांनी पुठ्ठा कापून त्यावर सुरेख अक्षरांत लिहून आणलं: ‘केरू बाळू भुवड, स्वयंसेवक’. मागं सेफ्टी पिन. कॉलेजची मुलं चित्रं बघायला आली की केरू तो पुठ्ठा बंडीला लावायचा आणि त्यांना चपला काढायला लावायचा. एरवी तो पुठ्ठा देवांच्या तसबिरींमागं असायचा.

आणि दोघं हिंडले. पालीच्या बाजारापलीकडं केरू कधी गेला नव्हता. बाजाराला जायचं आणि मीठमिरची घेऊन परत यायचं एवढाच त्याचा मुलूख. मास्तरांबरोबर त्यानं सगळे आसपासचे सडे पायाखाली घातले. कुठं पाय फाकवून उभी माणसं सापडली, कुठं नुसतीच भोकं. कुठल्या तरी वाडीत पाणी मागायचं, ओसरीवर बसायचं, आणि कुणी विचारलं की केरूनं सांगायचं, “आमी चितरांचं काम करतो.” आमी. हा शब्द त्याला गुळासारखा लागायचा.

धामणकोंडाच्या सड्यावर अकरा चित्रं झाली. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना केरूनं चुन्याचे ठिपके दिले आणि मास्तरांनी आकडा घातला. वहीत या सड्यासाठी बारा पानं राखलेली होती. मास्तरांचा एक नियम होता. जे स्वतः पाहिलं नाही, ज्यावर हात फिरवला नाही, ते काढायचं नाही. एका वाडीतल्या म्हाताऱ्यानं फुटून गेलेल्या एका चित्राचं सगळं वर्णन हुबेहूब केलं होतं. तरी मास्तरांनी पेन्सिल उचलली नव्हती.

“ऐकलेलं काढायला लागलो की ती माझी चित्रं होतील, त्यांची नाही राहायची,” ते म्हणाले होते.

*

बारावं चित्र होतं. केरूला ते जन्मापासून ठाऊक होतं.

सड्याच्या दक्षिण टोकाला, रावजी रेवाळ्याच्या वाटणीत. पुढून सुपासारखं रुंद आणि गोलट, मागं बारीक होत गेलेली बारा पावलांची लांब शेपटी. केरूची आई त्याला देवीचं सूप म्हणायची. नवं भात झोडलं की पहिली मूठ त्या सुपावर ठेवायची. इतर घरांनी ते कधीच सोडलं होतं. आईमागं काशी तेवढी जाऊन ठेवायची. भादव्यात त्याच्या रेघांमध्ये पाणी साठायचं आणि त्या पाण्यात सीतेची आसवं फुलायची, ती बारीक निळी फुलं. मग सगळं सूप कातळावर फुलांनी काढल्यासारखं दिसायचं.

पहिल्या वर्षी केरूनं ते दाखवलं नाही, कारण ते आईचं होतं. दुसऱ्या वर्षी कारण बदललं.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मास्तर त्याला केळशीला घेऊन गेले. केरूनं समुद्र एवढ्या जवळून पहिल्यांदा पाहिला. सकाळी होड्या लागल्या होत्या. मास्तरांची बहीण आवडाबाई वाळूवर बसून मासळी निवडत होती. तिच्यासमोर एक मासा पसरला होता. चपटा, सुपाएवढा रुंद, मागं चाबकासारखी लांब शेपटी.

केरू जागीच थांबला.

“काय हो सड्यावरचे पाहुणे,” आवडाबाई ओरडली, “मासा कधी बघितला नाय? पाकट हाय ती. चावणार नाय, मेलीय. शेपटीला मात्र हात लावू नका!”

बायका हसल्या. केरूही हसला. त्याचे पाय मात्र वाळूत रुतले होते. आपली आई जन्मभर ज्याला सूप म्हणत आली ते सूप नव्हतं. समुद्रापासून इतक्या आत, डोंगरावर, कुणीतरी पाकट कोरून ठेवली होती.

सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात मास्तर पाण्याकडं बघत म्हणाले, “केरू, आपल्याला हत्ती मिळाला, वाघ मिळाला, गवा मिळाला. मासा नाही मिळाला. मी कोळ्याचा पोर, आणि माझ्या वहीत मासा नाही. तुमच्या तिथं एक मासा सापडला की वही पुरी. मग ही पायपीट बंद. इथं येऊन बसायला मी मोकळा.”

केरूनं तोंड मिटलं. मासा सापडला की रविवार संपले, एवढंच त्याला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ते मुरुडपर्यंत हिंडून आले. मास्तर वाटेतली देवळं, घरं दाखवत होते. केरू हो हो करत होता.

त्या वर्षी भात झोडल्यावर काशीच बोलून गेली. मास्तर जेवत होते आणि ती म्हणाली, “अवो, सुपावर मूठ ठेवायची ऱ्हायलीय हां.”

“कुठलं सूप?” मास्तरांचा घास हातातच राहिला.

“तां देवीचां हाय,” केरू घाईघाईनं म्हणाला. “कातलावर. तसां कुणाला दाखवत नायत. गावदेवीचा कौल लागतो.”

“मग लाव ना कौल. मी थांबतो.”

धामणकोंडात गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. घर बांधण्यापासून म्हैस विकण्यापर्यंत सगळं असं विचारून होतं. केरू आठवडाभर देवळाच्या वाटेनंच गेला नाही. देवी उजवा देईल ही त्याला भीती होती. पुढच्या रविवारी मास्तर एस्टीतून उतरले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला,

“डावा दिलान.”

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

“देवी नको म्हणते तर नको. तिच्या घरात मी घुसणार नाही.”

पुन्हा त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. पण झालं भलतंच. देवीला आपलं येणंच आवडत नसेल, असं त्यांनी मनाशी घेतलं. धामणकोंडाचे रविवार विरळ झाले. महिन्यातून एक, मग दोन महिन्यांतून एक. पंच्याऐंशीला ते निवृत्त झाले आणि केळशीला जाऊन राहिले. ज्यांना धरून ठेवण्यासाठी केरू खोटं बोलला, ते त्या खोट्यामुळंच गेले.

*

शहाऐंशीच्या माघात केरू आणि काशी नातवाच्या बारशाला मुंबईला गेले. पंधरा दिवसांनी परत आले. केरू सड्यावर गेला तेव्हा दक्षिण टोकाला चिऱ्यांचे ढीग लागले होते आणि टिकावांचा आवाज येत होता. रावजी रेवाळ्याला घर बांधायचं होतं. तोही मुंबईहून आलेला, डोक्याला रुमाल बांधून खाणीच्या काठावर उभा.

“रावजी, हितं सूप होतां.”

“कसलां सूप?”

“देवीचां. आमची आवस मूठ ठेवायची.”

रावजीनं कपाळाला हात लावला. “केरूदादा, मी पोरपणापासून परळला वाढलो. मना कसां कळणार? तुमच्या मास्तरांच्या चितरांना चुन्याचे ठिपके हायत, तां गड्यांना पहिल्या दिवशीच सांगितलां मी. बघा जाऊन, अकरापैकी एकाला पन टिकाव लागला नाय. हितं ठिपका नव्हता. ठिपका असता तर चार हात सरकून खणली असती. सडा काय थोडा हाय?”

केरू खाणीच्या काठावर बसला. रावजीवर ओरडावं असं त्याला वाटत होतं, पण ओरडायला जागाच नव्हती. चुन्याचा डबा त्याच्याच पडवीत होता. चार ठिपके. पाव घटकेचं काम.

रावजीच्या घराचा चौथरा पावसाआधी झाला. केरू त्या वाटेनं जाताना चौथऱ्याकडं बघायचा नाही. कुठल्या चिऱ्यावर शेपटीची रेघ असेल कोण जाणे. भादव्यात खाणीत पाणी भरलं. फुलं आली नाहीत.

आणि मग मास्तरांचं कार्ड आलं. केरूला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवलं शिवा गुरवानं, देवळाच्या पायरीवर बसून.

“‘केरू, येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. गुडघ्याने धरलं होतं, आता बरा आहे. देवीला आणखी एकदा कौल लावून ठेव. म्हातारा झालो, आता तरी उजवा देईल. बारावं पान अजून कोरंच आहे. काशीवहिनींना नमस्कार. खंडू पावसे.’” शिवानं कार्ड खाली केलं. “आणखी एकदा? केरू, पहिल्यांदा कधी लावलेलास?”

केरू पायरीवरचं शेवाळ नखानं काढत राहिला.

“माझ्या हातनं तर लावलास नाय. या गावात दुसरा गुरव हाय काय?”

“नाय.”

“मग देवीच्या नावावर खपवलास.” शिवाचा आवाज चढला नाही. “मेल्या, तिनं उजवाच दिला असता. होय म्हणायला तिचां काय जात होतां?”

*

मास्तर दहाच्या सुमाराला वर आले. काठी टेकत, दर वीस पावलांवर थांबत. केस पार पांढरे झाले होते. पेन्सिल मात्र कानावर तशीच.

“वहिनी, पिठी टाकलीत ना? सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय.”

“टाकून आलेय हो! तुमी आधी बसा, दम घ्या.”

“बसतो कसला. केरू, काय म्हणाली देवी?”

केरूनं विळा खाली ठेवला. त्याला वाटलं होतं, आधी हवापाण्याचं बोलावं, मग हळूच. पण मास्तरांच्या डोळ्यांत त्यानं बघितलं आणि बोलूनच टाकलं.

“मास्तर, मी कौल लावलाच नव्हता. तवा पन नाय, आता पन नाय. आता लावून उपेग नाय. चला.”

तो त्यांना दक्षिण टोकाला घेऊन गेला. खाणीच्या काठावर दोघं उभे राहिले. तळाशी हिरवं पाणी, त्यात एक बेडूक. केरूनं सगळं सांगितलं. केळशीची पाकट, मिटलेलं तोंड, डावा कौल, न दिलेले चुन्याचे ठिपके. सांगताना तो खाणीकडंच बघत होता.

“पाकट होती?” मास्तरांनी विचारलं.

“पाकटच. शेपटी बारा पावलां.”

“आणि तुला चौऱ्याऐंशीपासून ठाऊक.”

“होय.”

“का रे?”

केरूला उत्तर ठाऊक होतं, पण एवढ्या म्हाताऱ्या तोंडानं ते सांगायची लाज वाटली. “तुमी बोल्ला होतात, मासा गावला की पायपीट बंद.”

मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. “मेल्या, मासा मिळाला असता तरी कुळथाची पिठी संपली असती काय?”

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

केरू एकदम वळला. कापून ठेवलेल्या गवताच्या मुठी त्यानं कवेत घेतल्या आणि खाणीशेजारच्या मोकळ्या कातळावर एकेक मांडू लागला. पुढची गोलाई, दोन्हीकडचे पसरलेले पंख, मग पावलं मोजत शेपटी. एक, दोन, तीन. दहाव्या पावलाला गवत संपलं तसा तो धावत जाऊन काशीच्या ओळीतलं घेऊन आला. काशी विळा थांबवून बघत होती. बारावं पाऊल झालं.

“अशी होती, मास्तर. अशीच. डोळे हितं, दोन खळगे. माझी चूक नाय व्हायची, जल्मापास्नं बघितलीय. काढा तुमी.”

मास्तर गवताच्या माशाभोवती एक फेरी चालले. काठावर चपला काढल्या, मग परत घातल्या. कानावरची पेन्सिल काढली.

“बरोबर काढलीयस,” ते म्हणाले. “अगदी पाकट.” आणि पेन्सिल त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. “पण गवत आहे रे हे, केरू. मी पाहिलेली नाही.”

वही पिशवीतून बाहेर आलीच नाही.

“साडेअकराची गाडी गाठतो,” मास्तर म्हणाले.

“अवो, पिठी…” काशी पुढं आली. “दोन घास तरी. तुमच्यासाठीच टाकलीय.”

“पुढच्या खेपेला, वहिनी. गाडी चुकेल.” त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेले सोडे काढले आणि तिच्या हातात ठेवले. केरूच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, की आधार घेतला, ते त्याला कळलं नाही. मग काठी टेकत ते उताराला लागले. केरू बरोबर निघाला तर त्यांनी मागं न बघताच हात हलवला. नको, असा.

दंव सुकलं होतं. वारा सुटायला लागला होता आणि माशाच्या शेपटीचं टोक हलत होतं.

“उडेल तां,” काशी हळूच म्हणाली. “गोला करा.”

केरू खाली बसला. शेपटीकडून सुरुवात करून त्यानं एकेक मूठ उचलली, मग पंख, मग गोलाई. मुठी एकावर एक ठेवून गुडघ्यानं दाबल्या, गवताचाच पीळ घालून बंध आवळला. भारा जेमतेम एक झाला. त्यानं विळा उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि काशीच्या मागच्या ओळीला लागला.